टिचकीकाका

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत सगळ्यात जास्त मासे पकडणारा माणूस पक्का शाकाहारी होता. नुसता शाकाहारी नव्हे, वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का याची चौकशी झाल्याशिवाय सुरीकडेही न बघणारा. असा हा माणूस दर वसंतात तासभर गाडी हाकून ओहायोतल्या मॉमी नदीवर जायचा, मांड्यांपर्यंत पाण्यात उभा राहायचा आणि व्हाइट बास नावाचे चंदेरी, काळ्या रेघांचे मासे एकामागून एक बाहेर काढायचा. मग ते वाटून टाकायचा. वाटून घ्यायला आम्ही होतोच. मी तर उरणची. अमेरिकेतल्या दुकानातला गोठलेला मासा खाऊन माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

मी २००३ साली सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नोव्हायला आले तेव्हा हे काका साठीला टेकले होते. गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. खायचा नाही तर पकडता कशाला, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं. सगळेच विचारत असणार, कारण उत्तर तयार होतं.

"मला मासा नकोच आहे. मला त्याची टिचकी हवी."

मासा गळाला तोंड लावतो ते दोरीतून वर येतं आणि बोटाला कळतं, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो तेवढीच टिचकी. ती आली की माणूस दुसरं सगळं विसरतो, हे त्यांचं म्हणणं. आम्ही तरुण मंडळी त्यांना पाठीमागे टिचकीकाका म्हणू लागलो आणि पुढेपुढे तोंडावरही. त्यांना ते आवडायचं.

नदीवर कधी जायचं हे काकूंच्या अंगणातलं लायलॅकचं फुलझाड ठरवायचं. त्याला कळ्या धरल्या की काका सुतळीला बांधलेला थर्मामीटर घेऊन नदी गाठायचे. पाणी पंचावन्न अंश फॅरनहाइटवर गेलं की आम्हाला फोन. हे मासे ईरी सरोवरातून अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात. आधी नर येतात, मागाहून माद्या. काका म्हणायचे, वरपक्ष आला आहे, घाई करू नका, खरी गर्दी पुढच्या आठवड्यात.

मला शिकवताना त्यांनी मला मुळीच सोडलं नाही. मी गळ टाकला की लगेच ओढायची. "अगं, ही विहिरीवरची बादली नाही," ते म्हणायचे. शिशाचा बारका गोळा, त्याला गळ, गळावर पांढरी रबरी शेपटी, एवढंच सगळं सामान. ते थोडं वरच्या अंगाला टाकायचं आणि पाण्याला वाहून नेऊ द्यायचं. दोरी ताणायची नाही, ढिलीही सोडायची नाही. आणि ऐन धारेत टाकायचं नाही, तर जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे भेटतात त्या कडेला. का, तर मासाही माणसासारखाच आळशी, फुकट कष्ट करत धारेत कशाला उभा राहील? दोन शनिवार मी नुसतं गार पाणी अंगावर घेतलं. तिसऱ्या शनिवारी बोटाला ती टिचकी बसली आणि मी भर नदीत किंचाळले. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याने चमकून पाहिलं. काका त्याला मोठ्या अभिमानाने म्हणाले, "माय स्टुडंट."

मासा बाहेर आला की तो त्या क्षणी बर्फात गेला पाहिजे, आणि कापताना कडेची लाल पट्टी काढून टाकली पाहिजे, नाहीतर उग्र वास येतो, हेही मला त्यांनीच शिकवलं. चव घेतल्याशिवाय हे कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाले, तुमची तोंडं बघून. काकूंचा कायदा याहून कडक होता. माशांचा बर्फाचा खोका गराजच्या पुढे घरात येणार नाही आणि काका अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाहीत. या संसारात तीस वर्षं नदी आणि देव्हारा अशी सरळ वाटणी झालेली होती.

काकांना मधुमेह होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुठवर पोचला आहे हे मला २००६ च्या वसंतात कळलं. त्या दिवशी आम्ही चार तास पाण्यात होतो. परत येऊन त्यांनी पाण्यात उतरायची ती बूट जोडलेली रबरी विजार काढली तर डावा मोजा रक्ताने भिजलेला. बुटातून एक खडा पडला, चांगला चिंचोक्याएवढा. चार तास तो तळपायाखाली होता आणि काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते स्वतःच त्या मोज्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत बसले. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस. नदी बंद होईल माझी."

मी हो म्हटलं. त्यांचा चेहराच तसा झाला होता. रोज फोन करायची, ते रोज बरं आहे म्हणायचे. नवव्या दिवशी त्यांचा आवाज तापातला वाटला. मी फोन ठेवला आणि काकूंच्या मोबाइलवर सगळं सांगून टाकलं.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काकूंनी मला विचारलं, "नऊ दिवस तुला माहीत होतं?" एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आत गेले तर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एकीच्या लेखी मी उशिरा बोलले होते आणि दुसऱ्याच्या लेखी मुळात बोलायलाच नको होतं. काकांच्या रागाचं मला वाईट वाटलं, पण लाज वाटते ती त्या नऊ दिवसांची. आजही वाटते.

काकूंनी महिन्याभरात मला माफ केलं. काकांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी घरी गेले की काकूंना म्हणायचे, तिला विचार, चहा घेणार का. तिला सांग, बाहेर बर्फ आहे, गाडी सावकाश चालव. मी समोरच्या सोफ्यावर बसलेली असायची. असे अकरा महिने गेले.

२००८ च्या जानेवारीत काका झोपेतच गेले. पण त्याच्या आधीच्या वर्षीचा वसंत आम्हाला मिळाला, आणि तो काकूंनी मिळवून दिला. एप्रिल संपता संपता त्यांचा फोन आला. लायलॅकला कळ्या आल्यात, ह्यांना नदीवर घेऊन चल, म्हणाल्या. आणि मग, मीसुद्धा येते.

काठावर घडीची खुर्ची टाकून काकांना बसवलं. मी पाण्यात उतरले. त्यांचा गळ अगदी हवा तिथे, कडेला जाऊन पडत होता. पण मला लांबून त्यांच्या गळाच्या काठीचं टोक हललेलं दिसायचं आणि काका तसेच बसलेले. एकदा, दोनदा, चारदा. पायांची जाणीव गेली होती तशीच हातांच्या बोटांचीही गेली होती. मासे येत होते, तोंड लावून जात होते. काकांनी दोरी पहिल्या बोटावरून दुसऱ्यावर घेतली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग काठी मांडीवर ठेवून दिली. मला तिकडे बघवेना.

काकू इतका वेळ गाडीजवळ उभ्या होत्या. त्या आल्या, खुर्चीशेजारी ओल्या दगडावर बसल्या आणि त्यांनी काठीवरची दोरी आपल्या दोन बोटांत धरली.

"दोरीपुरतंच माझं काम," त्या म्हणाल्या. "मासा माझ्याकडे आणायचा नाही."

काकांनी पुन्हा गळ टाकला. दोघं पाण्याकडे बघत राहिली. तेवढ्यात काकू एकदम ताठ झाल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी काकांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. काकांनी हात उचलला. काठी वाकली, दोरी पाणी कापत धारेकडे निघाली आणि काका मोठ्याने हसायला लागले. काकू आपल्या त्या दोन बोटांकडे बघत होत्या. "एवढीशी असते होय?" त्या म्हणाल्या.

ती दोघं नीट दिसावीत म्हणून मी, डोळे पुसत, पायांकडे न बघता पाण्यात पुढे पुढे सरकत होते.

"अगं, पुढे खड्डा आहे तिथे," काका ओरडले. मासा अजून दोरीवर होता आणि ते माझ्याकडे बघत होते. "मागे हो. डाव्या हाताला सपाट दगड आहे, त्याच्यावर पाय ठेव."

मी मागे झाले. दगड तिथेच होता.