केस राखलेला राम

न्हाव्याने उजवी बाजू साफ करून वस्तरा डावीकडे वळवला होता, एवढ्यात आतून माझी जाऊ किंचाळली आणि माझा धाकटा दीर पाटावरून उठला. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सासऱ्यांना तिरडीवर बांधून ठेवलेले, वरून श्रावणाचा पाऊस, अर्धे गाव छत्र्या आणि इरली घेऊन ताटकळत उभे. मुंबईला तार केली होती, पण पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा काही वेळेत पोचणार नव्हता. अग्नी धाकट्यानेच द्यायचा आणि त्यासाठी डोके भादरायचे.

"बस खाली," भटजी म्हणाले.

"बसूचंय नाय."

"मेल्या, अर्ध्या डोक्यान बापाशीक अग्नी देतलंस?"

"देतलंय. उजवी बाजू बाबांची, ती झाली. डावी भितरल्याची. तिका कोणी हात लावलो तर माका पण बाबांच्या बाजूक बांधा."

भितरले म्हणजे जावेच्या पोटातले. सातवा महिना होता. न्हावी वस्तरा उघडा धरून एकदा भटजींकडे बघे, एकदा दिराकडे. शेवटी पावसाने साबण वाहून गेला, मग त्यानेच वस्तरा मिटला. दीर तसाच मडके घेऊन पुढे झाला. उजवीकडून संन्यासी, डावीकडून कीर्तनकार.

साऱ्या पंचक्रोशीत केसांचा एवढा विचार केलेला दुसरा माणूस झाला नाही, आणि यात न्हावीही धरले आहेत. तोंडावर मी त्याला भावजी आणि तुम्ही म्हणायची, पण लिहिताना तो म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचे नाक मी पुसलेले आहे. मोठा झाल्यावर त्याने गणपतीची शाळा घातली, म्हणजे मातीचे गणपती करायची. चवथीच्या आधी घरोघरी जाऊन गणपतीमागच्या भिंतीवर देवांची चित्रे काढायचाही तोच. हात चांगला होता. डोके मात्र एका जागी राहात नसे, आणि ते बहुतेक वेळा केसांपाशी जाऊन अडकत असे. सोमवारी केस काढायचे नाहीत, शनिवारी नाहीत, एकादशीला नाहीत, अमावास्येला नाहीत, जन्मनक्षत्राला तर मुळीच नाहीत. न्हावी एकदा आमच्या पडवीत बसून म्हणाला, "वयनी, हेंच्यासाठी पंचांगात दिवसच उरूक नाय. माका वाटता, हे मेल्यावरच माज्या हातात गावतले."

देवांनाही तो सोडत नसे. वाण्याकडून आलेल्या कॅलेंडरासमोर तो तासभर उभा राही. शंकराच्या जटा पायापर्यंत, मग हनुवटी इतकी गुळगुळीत कशी? राम चौदा वर्षे रानात, दाढीचा एक खुंट नाही, हे कसे? "लक्ष्मण चौदा वर्सा झोपलो नाय म्हणतत," तो मला सांगे, "मग बसान करी काय? रामाची हजामत." ब्रह्मदेव त्याला पसंत, कारण त्याला दाढी आहे. मारुतीबद्दल तक्रार नाही. सगळ्यात आवडता गणपती. "केसांचो प्रश्नच नाय, वयनी. सोंड काढली की मोकळो."

भटजींनी त्याला समजावले होते की देव नेहमी सोळा वर्षांचे असतात, म्हणून त्यांना दाढी येत नाही. यावर याने आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी भटजींना वाटेत गाठून म्हणाला, "सोळा वर्सांच्या पोराक लव-कुश कसे झाले?" भटजींनी त्या महिन्यात आमच्या घरावरून जायची वाट बदलली. मग हा पिंगुळीला चालत गेला. तिथल्या, चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथी म्हाताऱ्याने त्याला आपल्या जुन्या पोथीतली चित्रे दाखवली. त्यात राजांना झुबकेदार मिशा. हा परत आला तो पाय सुजलेले आणि तोंड फुललेले. त्याच वर्षी एका व्यापाऱ्याच्या भिंतीवर त्याने वनवासातला राम दाढीसकट काढला. व्यापारी म्हणाला, "हो राम काय रावण?" आणि वर चुना मारून घेतला. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. पैसे त्याचे, भिंत त्याची.

पण एका नियमाबद्दल तो कधी थट्टा करत नसे. बायको गरोदर असली की नवऱ्याने केस-दाढी काढू नये, समुद्रात जाऊ नये, असे आमच्याकडे सांगतात. जावेच्या पहिल्या खेपेला तो एका लग्नात मिरवायला गुळगुळीत होऊन गेला होता. मूल झाले ते रडलेच नाही. दुसऱ्या खेपेला त्याने डोक्याला हात लावू दिला नाही, पण मिशी पेजेत बुडते म्हणून तेवढी कातरली. तेही रडले नाही. दोन्ही वेळी मी आत होते, सुईणीच्या शेजारी. दोन्ही वेळी काय झाले ते मला माहीत आहे, त्यात मिशीचा काही संबंध नव्हता. मी त्याला सरळ सांगितले, "भावजी, तुमचो भाव मुंबईक गोदीत कामाक. माजी चारय पोरा पोटात होती तेव्हा हो माणूस दर महिन्याक सलूनात जाय होतो. चारय जगली."

"ता दादाचा," तो म्हणाला. "दादाचा नशीब वेगळा."

म्हणून आई-बापाच्या मरणाला हा नियम सुटतो, असे भटजींनी सांगूनसुद्धा तो पाटाच्या अगदी कडेला बसला, आणि किंचाळी ऐकल्यावर उठला तो उठलाच. सुईणीने जावेला आडवे केले, खाटेचे पायथ्याचे पाय विटांवर चढवले, संध्याकाळी कळा थांबल्या. दिवस भरेपर्यंत खाट सोडायची नाही, असा हुकूम झाला. दहाव्याला गाव कावळ्याकडे डोळे लावून बसले होते, की अर्ध्या डोक्याने ठेवलेल्या पिंडाला तो शिवतो की नाही. कावळा पिंड ठेवायच्या आत आला. सासरे आयुष्यभर जेवणाला थांबले नाहीत, तेव्हा का थांबतील?

पुढे सगळी चवथ गेली, पण त्याला भिंत रंगवायला कोणी बोलावीना. बाजारात पोरे मागून ओरडत, "अर्धो साधू, अर्धो संसारी!" हा एक बाजू टॉवेलने झाकी, आणि नेमकी चुकीची. भादरलेल्या बाजूला खुंट वाढले होते, आणि दुसरी बाजू खांद्यावर टेकलेली. हात शिवशिवत होते म्हणून शेवटी त्याने जावेच्या खाटेसमोरची भिंतच धरली. करवंटीचा कोळसा, चुना आणि काव. आठ दिवस तो काढत होता आणि ती पडून बघत होती.

एका बाजूला आश्रम, त्यात पोटुशी सीता. दुसऱ्या बाजूला अयोध्या, सिंहासनावर एकटा राम. केस खांद्यावर, दाढी छातीवर, डोळ्यांखाली काळे. आणि दारातून हात जोडून परत चाललेला न्हावी, अगदी आमच्याच न्हाव्याच्या तोंडाचा. भटजी बघायला आले.

"हो कोण? वाल्मिकी?"

"राम."

"रामाक दाढी?"

"सीता गरोदर आसा, भटजीनू."

"अरे, पण तिका घालवल्यान मा तेणी?"

"घालवल्यान. पोरा तेचीच ना?"

भटजींनी भिंतीजवळ जाऊन रामाची दाढी निरखली. मग उपरणे सावरून म्हणाले, "मिशी जरा कमी कर," आणि गेले. जाऊ कधी फारसे बोलत नसे. ती खाटेवरून म्हणाली, "घालवल्यान ता घालवल्यान. केस तरी राखल्यान." मी म्हटले, माका विचारशीत तर केस काढलेले बरे आणि बायल घरात ठेवलेली बरी. ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

दिवाळी होऊन गेल्यावर कळा सुरू झाल्या. हा पडवीत, कुडाच्या भिंतीला डावा कान लावून, केसांतूनच ऐकत. आत सुईण आणि मी. दुपार झाली, उन्हे कलली, आणि हा बाहेरून एकच विचारी, "वयनी, रडला?" झाले नव्हते तरी विचारी. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडले आणि मला ओरडावे लागले नाही. मुलगी अशी रडली की समोरच्या घरची कुत्री भुंकायला लागली. मी डोकावले, तर तो भिंतीला तोंड लावून बसला होता. मी म्हटले, "चेडू झाला. आता तरी न्हाव्याक बोलवा, बापाशीक बघून परत पोटात जायत."

बाराव्या दिवशी न्हाव्याने डावी बाजू उतरवली. पैसे घेतले नाहीत. ते केस मी झाडून पुढच्या माडाच्या आळ्यात टाकले, केस माडाला चांगले. माड अजून उभा आहे.

दीर गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्या खोलीला कितीदा चुना दिला, पण पावसाळ्यात भिंत ओली झाली की कोळसा वर येतो, आणि आधी येते ती दाढी. मग मला बाहेरून कोणी तरी "वयनी, रडला?" विचारल्यासारखे वाटते. उत्तर तेव्हाचेच आहे. रडली. पोरगी जगली, आणि तिची आईही जगली.