बाबांच्या मोपेडचा क्लच

घरी बनवलेल्या गो-कार्टला मी बाबांच्या मोपेडचं इंजिन लावलं आणि क्लचही तोच ठेवला. सुपेला बाजारातला मेकॅनिक क्लचच्या जागी पट्ट्यावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर लाव म्हणत होता, पण मी कशाला ऐकतो!

पहिल्यांदा रेस दिली. क्लच किंचाळला आणि मग त्याने पकड घेतली. बाबा कारखान्यात फर्स्ट शिफ्टला निघायचे तेव्हा अगदी असाच किंचाळायचा.

आई घाईने भरलेला डबा घेऊन क्वार्टरबाहेर धावत आली.

"डबा राहिला न जी!"

बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी इंजिन बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने टॉर्क कन्व्हर्टर बसवला. आता गाडी अलगद निघते, अजिबात किंचाळत नाही.

आई मात्र डबा धरून फाटकाशी उभी असते.

"कावून रे, अजून निघाले नाई का थे?"