दयारामची वही आणि शॉर्टवेव्हचं मौन

अमडापुरात एके काळी रेडिओ बिघडला की लोक दयारामकडे धावायचे. त्याच्या दुकानातला तारांना डाग देताना तापणाऱ्या राळेचा वास अजून माझ्या नाकात आहे. सातवीपर्यंत आम्ही एकाच पट्टीवर बसलेलो; मी शेतीत गेलो, हा तारांत. सर्किटचा नकाशा वाचावा तर त्यानं, आणि नुसत्या खरखरीवरून दोष सांगावा तोही त्यानंच.

एक सवय होती त्याची. दुरुस्त केलेला रेडिओ पुन्हा रुसला, की सबब न सांगता वहीत लिहायचा: तारीख, वेळ, ‘शॉर्टवेव्ह गप्प’.

“काऊन लिहून राह्यला बे?” मी चिडवायचो. “लोकं चुका लपोतात, तू जपून ठेवतो!”

“चूक कुठी झाली, ते तं समजलं पाह्यजे, रामराव.”

नव्वद सालच्या सुमाराची गोष्ट. बाजाराचा दिवस, भर दुपार. माझा रेडिओ त्यानं नीट करून ठेवलेला. शॉर्टवेव्हवर दूरच्या स्टेशनांची गाणी लागायची वेळ, भोवती वीसेक माणसं, आणि रेडिओ मुका! जवळची स्टेशनं बोलत होती, दूरची सगळी गप्प. मी तरणा, तोंडाचा फाटका. म्हणालो, “दयाराम, तुह्या हातापेक्षा माह्या म्हशीचं शेपूट बरं!”

सगळे हसले. तो बावरून तिथंच रेडिओ उघडून बसला, धड तारा सोडवून पुन्हा जोडू लागला, आणि संध्याकाळपर्यंत रेडिओ खरोखरच मेला. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. पुढं त्यानं कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी केली, पण तारेला हात लावला नाही. आमची मैत्री राहिली; रेडिओचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही.

यंदा त्याची नात महामाया पुण्याहून आली. सूर्यावरची वादळं आधीच ओळखायचं तिचं काम.

“ते कसं कळते, बाई?” मी विचारलं.

“दोन रस्ते आहेत, आजोबा. सूर्यानं फेकलेला ढग इथं कधी पोचेल, ते भौतिकशास्त्राच्या गणितानं काढायचं. दुसरा म्हणजे, कॉम्प्युटरला सूर्याचे हजारो जुने फोटो दाखवायचे. कोणता डाग भडकला, कोणता नाही, ते पाहून तो स्वतःच खूण शिकतो.”

दयाराम हसला. “एक नकाशा वाचणारा, एक खरखर ऐकणारा. दोन्ही लागतात, पोरी.”

“आणि मोठा भडका उडाला की आठ मिनिटांत आपल्याकडं, दिवस असेल तर, शॉर्टवेव्ह गप्प होते.”

दयारामचा चहाचा कप हातातच राहिला. मग उठून त्यानं ट्रंकेतून वही आणली. “याच्यातली शेवटची तारीख पाह्य,” एवढंच म्हणाला. ती त्याच बाजाराच्या दिवसाची होती.

दोन दिवस ती वही सूर्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहत होती. सतरापैकी अकरा जुळल्या.

“बाकीच्या सहा?” दयारामनं विचारलं.

“त्या चुका तुमच्याच, आबा.”

“अन् शेवटची?” हे मी विचारलं.

“दुपारी सव्वादोन. अगदी तेव्हाच सूर्यावर मोठा भडका होता.”

मी तडक घरी गेलो, माळ्यावरचा तो मेलेला रेडिओ आणून त्याच्यापुढं ठेवला. “दयाराम, वीस माणसांपुढं बोललो होतो म्या. आता ते वीस कुठून आणू? म्हणून लिहूनच काढतो.”

“लिही. पण म्हशीचं शेपूट आणलं का?”

पोट दुखेस्तोवर हसलो आम्ही. मग त्यानं विचारलं, “महामाया, आजचा सूर्य कसा हाय?”

तिनं मोबाइलवर पाहिलं. “भडक्याची शक्यता कमी आहे. खात्री मात्र कोणी देत नाही.”

“बरं झालं.” चष्मा पुसत दयाराम म्हणाला, “आज नाई बोलला तं दोष माहाच.”

आणि पस्तीस वर्षांनी त्यानं रेडिओच्या पाठीचा पहिला स्क्रू फिरवला.