टेकरीवरचा मोर

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मी देवासच्या एका कॉलेजात ऑगमेंटेड रिॲलिटी गेमची रचना शिकवत असे. सामान थोडं: लॅपटॉप, त्याच्या झाकणामागे टेपने चिकटवलेला वेबकॅम, आणि काळ्या-पांढऱ्या नक्षीचा छापील चौकोन. कॅमेऱ्याला चौकोन दिसला की पडद्यावर त्या जागी चित्र उभं राही.

त्या सकाळी वर्ग गावातल्या देवीच्या टेकरीवर नेला होता. जोड्या मीच ठरवल्या होत्या. एकाने लॅपटॉप धरून खेळायचं, दुसऱ्याने त्याचा दंड धरून पायाखाली बघायचं. बागली गावच्या एका मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारून घेतलं होतं, मॅडम, तुम्ही स्वतः सोबत आहात ना?

तिचा चौकोन दगडावर चिकटवून आम्ही पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात दर्शनाला आलेल्या कुणीतरी ते देवीचं यंत्र समजून त्यावर हळदकुंकू वाहिलं. कॅमेऱ्याला नक्षी नीट ओळखू येईना. वाहिलेलं कुंकू आपण कसं पुसायचं, म्हणून तिची जोडीदारीण पलीकडच्या फुलवाल्या आजींना विचारायला गेली. मुलगी एकटी राहिली.

मी दगडाशी आले तेव्हा ती पडद्यात डोळे घालून मागे सरकत होती. तिच्या गेममधला मोर पडद्यावर क्षणभर दिसे आणि जाई. तो टिकावा म्हणून ती आणखी एक पाऊल मागे घेई. मागे पायऱ्यांचा उतार होता, कठडा नव्हता. धावून मी पोचले नसते. हाक मारली असती तर ती दचकून वळली असती.

मी चौकोनावर तळहात दाबला. मोर गेला. ती थांबली.

"मॅम, हटा ना. अभी पकडत होतं."

"हलू नकोस. लॅपटॉप खाली घे. आता माझ्याकडे बघत पुढे ये."

ती आली, जरा रुसूनच. मी तिचं मनगट धरलं ते खाली रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. काय झालं, असं तिने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून गेममध्ये बदल करून घेतला. चौकोन पडद्यावर लहान होऊ लागला, म्हणजे खेळणारा मागे सरकतोय. अशा वेळी चित्र बंद. मजाच गेली, असं ती कुरकुरली. मी ऐकलं नाही. परीक्षेला तिने तो गेम सपाट फरशीच्या लॅबमध्ये दाखवला, तरी मी परीक्षकांशेजारची खुर्ची सोडून तिच्या पाठीमागे उभी राहिले.