इलाहीची चौथी पट्टी

इलाही गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुताराकडे निघालो होतो. बगलेत सागवानी पट्टी होती, एका पायात चप्पल चढवलेली. त्याची मुलगी रुबिना म्हणाली, "काका, अब्बा सकाळी गेले. दुपारच्या नमाजनंतर नेणार हायत." मी "बरं" म्हणालो. बरं का म्हणालो, कोण जाणे... पट्टी मात्र मी घाईघाईनं दाराआड लपवली, जणू कुणी बघत होतं. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून महिन्याभरानं हे लिहायला बसलो आहे.

कुरुंदवाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी कोल्हापुरात कापडाचं दुकान टाकलं आणि तो शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर झाला. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, ते त्याचं काम. ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडाचा नमुना जरा मोठा करतात. त्यासाठी त्यांची मोजायची स्केलच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. इलाहीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना दोन स्केली टांगलेल्या असत आणि त्यांची अदलाबदल त्यानं कधी होऊ दिली नाही. फौंड्रीतून तो निवृत्त झाला तो फुफ्फुसात रेती आणि भुसा घेऊनच. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, "साचा भरलाय की ओ आत." 

माझ्या वडिलांची जुनी ऑस्टिन दुकानामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. इंजिन झालं, रंग झाला, पण आतलं लाकूडकाम गेलेलं. डॅशबोर्डच्या पॉलिशला पोपडे आलेले, दारांच्या काचेखालच्या चारही पट्ट्या उन्हानं फाटलेल्या. इलाहीनं एक पट्टी हातात घेतली, हुंगली आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाला हात लावू दिऊ नको." मग काचेच्या तुकड्यानं त्यानं डॅशबोर्ड खरवडला, कापसाच्या बोळ्यानं लाखेचं पॉलिश चढवलं. दहा हात मारायचे आणि स्टुलावर बसून श्वास गोळा करायचा. नवी पट्टी दारावर ठेवून तो तळव्यानं एकच थाप द्यायचा. मग म्हणायचा, "बसली." अशा तीन बसल्या.

चौथीच्या वेळी तो घरी खाटेवर होता, नाकात ऑक्सिजनची नळी. हत्यारं सगळी एका पत्र्याच्या पेटीत आलेली. दीड महिन्यानं पट्टी हातात आली आणि मी ती दाराला लावली, तर पाव इंच लांब. मला दसऱ्याला गाडी बाहेर काढायची होती, चार लोकांना सांगूनही बसलो होतो. मी तडक त्याच्याकडे गेलो. "ही जाईना बघ," म्हणालो. त्यानं पेटीतली स्केल काढून उजेडाला धरली. बराच वेळ धरली... "बिडाची स्केल घेतली की रं मी," तो म्हणाला. मग लगेच, "कापून भागायचं न्हाय. स्क्रूची भोकं बी सरकल्यात. दुसरी करतो."

आणि मी म्हणालो, "राहू दे, इलाही. आता तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. सुताराकडनं घेतो करून."

हे मी दयेपोटी म्हणालो, अशी समजूत मी बरेच दिवस घालून घेतली. खोटं आहे ते. मी वैतागलो होतो. तो म्हणाला, "व्हय. ने मग." स्केल त्यानं पेटीत ठेवली, झाकण लावलं. ती आमची शेवटची भेट. पुढचे तीन आठवडे मी दुकानाच्या गडबडीत राहिलो.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. रुबिनानं खाटेखालून एक नवी पट्टी काढून दिली. "तुमी गेल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले न्हाईत," ती म्हणाली. "मग रोज नळी काढून बसायचे. नळीत हात अडकतो म्हणायचे. मी ओरडायची, तर म्हणायचे, धाच मिनिटं." तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. माझ्या एका वाक्यासाठी त्यानं नळी काढली, किती वेळा काढली ते मी तिला विचारू शकलो नाही. पेटीत बिडाची स्केल होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल दोऱ्यानं घट्ट गुंडाळलेली. पुन्हा चूक होऊ नये म्हणून. म्हणजे अजून पुष्कळ काम करायचं त्याच्या मनात होतं.

दसरा गेला. गाडी मी बाहेर काढली नाही. एका दुपारी शेडमध्ये जाऊन पट्टी दारावर ठेवली. पॉलिश नाही, एक कड अजून खरबरीत, हाताला टोचणारी. तळव्यानं एकच थाप दिली. चारही भोकं भोकांवर आली, टोकाला नखसुद्धा शिरेना.

त्याचं स्टूल तिथंच आहे. त्याच्याकडे बघून मी म्हणालो, "बसली रं, इलाही."