नुसती पेज

यांची बदली मालवणजवळच्या एका गावी झाली, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे गुरांचे डॉक्टर. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, आणि तिथली बोली मला निम्मीच कळे. कळलेल्या निम्म्यालाही उत्तर द्यायची वेळ आली की मी आत जाई. हे मात्र सगळ्यांशी मोकळेपणानं बोलत. आपलं बोलणं लोकांना कळतं आणि त्यांचं आपल्याला, असं यांना वाटे. दोन्हीकडून मराठीच तर होतं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. अडलेली म्हैस सोडवून आले की हे न्हाणीत कोपरापर्यंत हात धूत आणि धुता धुता मला सांगत, रेडकू कसं आडवं आलं होतं, ते आत कसं फिरवलं, बाहेर काढल्यावर हलत नव्हतं तर गोणपाटानं कसं चोळलं. पहिला श्वास घेतला इथपर्यंत आले की यांचा आवाज बारीक होई. कुणी पडवळ आणून देई, कुणी बांगडे. बांगडे कसे साफ करायचे ते मला शेजारणीनं शिकवलं.

लोक चेष्टाही करत. गुरांचा ताप शेपटीखाली नळी लावून बघतात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एकदा विहिरीवर एकीनं मला विचारलं, "तुका ताप इलो तर तुझो घोव खंय बघता गो?" सगळ्या हसत सुटल्या. घोव म्हणजे नवरा आणि खंय म्हणजे कुठे, एवढं मला कळत होतं. मी घागर अर्धीच भरून घरी आले. यांना कसंबसं सांगितलं, तर हेही पोट धरून हसले.

भातलावणी आटोपली त्या सुमारास खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईचा बैल हगवणीनं आजारी पडला. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, घरी ती आणि सून. तो बैल जन्मला तेव्हाच त्याची आई मेली होती, आणि हिनं त्याला बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. हे औषध देऊन आले. येताना सांगून आले, दोन दिवस वैरण घालू नका, नुसती पेज द्या.

आमच्याकडे पेज म्हणजे शिजत्या भातावरचं पाणी. मीठ टाकून तापकऱ्याला देतात. तिकडे पेज म्हणजे उकड्या तांदळाचा जाड, मऊ भात, त्याच्या पाण्यासकट. शेतावर राबणारं माणूस ती खाऊन दुपारपर्यंत काम करतं. आम्ही अजून नवे होतो. न्याहारीच्या वेळी कुणाच्या घरी आम्ही बसलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सून बोलवायला आली. हे गेले तेव्हा बैलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. यांनी जमेल ते सगळं केलं, पण दुपारी तो गेला. म्हातारी त्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "तुमी सांगलास तसाच केलंय. पोटभर पेज खाल्ल्यान. उपाशी नाय गेलो माझो बैल."

यांनी पेजेचं मडकं बघायला मागितलं. मडक्यात हात घातला तर बोटांना पाणी लागलं नाही, भातच लागला. दोन दिवस सासूसुनांनी स्वतः अर्धपोटी राहून त्याला घास घास भरवला होता. एवढा भात गुराच्या पोटात गेला की आंबतो आणि पोट फुगून जनावर दगावतं.

हे घरी आले ते न जेवता पडून राहिले. संध्याकाळी मला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तिला नाही बोललो. काय सांगू? तुझ्या हातानं गेला म्हणून?"

मला तेव्हा ते बरोबर वाटलं.

पण पुढच्या आठवड्यात मी विहिरीवर ऐकलं की म्हातारी सगळ्यांना सांगत फिरतेय, डॉक्टर देवमाणूस आहे, आजारी गुराला पेज घालायला सांगतो, माझा बैल शेवटपर्यंत आवडीनं खात होता. आणि एकीनं आपल्या हगवण लागलेल्या पाडीसाठी, म्हणजे कालवडीसाठी, पेज शिजत ठेवली होती. मी धावत घरी आले. हे ताटावरून उठले आणि आधी त्या घरी गेले. पाडीनं थोडंच खाल्लं होतं, ती वाचली. तिथून परत येऊन यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही म्हातारीकडे गेलो.

हे अंगणातच उभे राहिले आणि यांनी सांगितलं. शब्द माझा चुकला, तुमची पेज वेगळी, आमची वेगळी, तुमचा यात काही दोष नाही. ती सूप हातात धरून ऐकत होती.

"माका ह्या कित्याक सांगलास, डॉक्टरांनू? पोटभर खावन गेलो, तेवढाच एक समाधान होता माका."

इतर गुरांसाठी सांगावं लागलं, असं हे म्हणाले. ती आत गेली. मला तिच्यामागून आत जावंसं वाटलं होतं. उंबऱ्यापर्यंत गेलेही.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. आजारी गुराला पेज घालू नका, मी घातली आणि माझा बैल मारला, असं स्वतःच सांगत गेली. डॉक्टरचं नाव तिनं कुठेच घेतलं नाही. यांनी लोकांना खरं सांगून पाहिलं, पण ते कुणी मानलं नाही. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून डॉक्टर दोष आपल्यावर घेतात, असंच सगळे समजले. यांचं नाव उलट वाढलं. ते यांना फार लागलं.

तेव्हापासून हे कुठेही काही सांगण्याआधी विचारायचे, तुमच्याकडे याला काय म्हणता? पुढच्या गावांत लोकांना वाटे, डॉक्टर जरा मंद आहे.

तिथून आमची बदली व्हायच्या आधी म्हातारीची गाय अडली. तिनं यांनाच बोलावणं धाडलं. मीही गेले. वासरू सुखरूप निघालं, सून हसली. म्हातारी दारातच उभी होती. गाईला काय घालू, एवढंच तिनं विचारलं. यांनी घमेलं मागून घेतलं, कोंडा आणि कोमट पाणी आपल्या हातानं कालवलं, आणि ओंजळीत घेऊन बोटांतून गळू दिलं, तिला दिसेल असं.

"कळला," ती म्हणाली. "आता जावा तुमी."