एका रोझरीची उकळी

ज्युलियानामावशीकडे इंजेक्शन घ्यायला जायचं तर घरून जेवून निघावं, असं आमच्या पाली गावात म्हणायचे. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा भाईंदरहून एसटीने येत, बाकी दिवस नर्स म्हणून मावशीच सगळं बघायची. तिच्याजवळ चार सुया होत्या. एका सुईने एकच माणूस. चार माणसं झाली की पाचव्याने बाकावर बसायचं. मग सुया आणि काचेच्या सिरिंजा धुवून पातेल्यात जात, स्टोव्ह फुरफुरू लागे आणि पाण्याला खळखळून उकळी फुटली की मावशी जपमाळ हातात घेई. अख्खी रोझरी, पन्नासच्या पन्नास 'नमो मरिया', संपल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते तिला चालत नसे. "घड्याळ बघून मानूस घाई करतो," ती म्हणायची. "देवाच्या आईसमोर घाई करता येत न्हाय."

मी तेव्हा डोंगरीच्या माहेरून लग्न होऊन आलेली, प्राथमिक शाळेतली जुडिथबाई. चार बुकं शिकल्याची घमेंड नाकाच्या शेंड्यावर. सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की झालं, अशी माझी खात्री होती, म्हणून मी मावशीला हसायचे. आज तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते आधी त्या हसण्याची माफी मागून.

१९७३ च्या नोव्हेंबरात माझा नवरा कॉन्रॅड मासेमारीच्या बोटीवरून घरी आला तो भिंत धरत. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी, अन्नाचा वासही नको. त्याच आठवड्यात त्याच्याच बोटीवरचा शिवा, रायगडहून आलेला खलाशी, तोही पिवळा पडला. मला पाचवा महिना चालू होता.

गावाने निकाल द्यायला एक दिवससुद्धा घेतला नाही. कुणी म्हणालं, शिवाने कावीळ आणली. कुणी म्हणालं, शिकलेल्या सुनेने पाणी गाळून दिलं नाही. सासूबाईंनी कॉन्रॅडसाठी निळ्या काठाचं इनॅमलचं ताट वेगळं काढलं, त्याच्या काठाला भोक पाडून सुंभाने दाराबाहेरच्या खुंटीला टांगलं. पेला वेगळा, चटई पडवीत. गळ्यात कुणा वैदूने मुळ्यांची माळ घातली. शाळेत तीन बायकांनी आपली पोरं माझ्या वर्गातून उठवून नेली. आणि एके सकाळी सासूबाई म्हणाल्या, "तू डोंगरीला जा, पोरी. माझा पोर तर चाललाच, त्याचं पोर तरी राहू दे." त्या रडत बोलल्या, म्हणून मी उलटून बोलले नाही. नाहीतर माझं तोंड काही गप्प बसणारं नव्हे.

मी गाठोडं बांधत होते तेवढ्यात मावशी आली. गाठोड्याकडे एकदा बघितलं, खुंटीवरच्या ताटाकडे एकदा बघितलं आणि कॉन्रॅडच्या चटईवरच बसली.

"विहीर तर सगळ्या आळीची एक," ती म्हणाली. "पान्याची कावीळ असती तर आधी पोरं पिवळी पडली असती. एक तरी पोर पडलंय?"

एकही नव्हतं.

"शिवा तुमच्यात जेवतो?"

कॉन्रॅडने मान हलवली. शिवा बोटीवर आपला भात आपल्या टोपात शिजवायचा, पाण्याचं मडकंसुद्धा त्याचं वेगळं होतं.

"ताट वेगळं, पानी वेगळं, तरी दोघं पिवळे. मग दोघांत एक काय हाय?"

कॉन्रॅडने हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तांडेलचा वस्तरा."

हे सांगायला हवं. वॉल्टर तांडेल हा त्या बोटीचा प्रमुख. शनिवारी बोट परत येताना चर्चचा मनोरा दिसला की सहाही जणांनी दाढी करायची, हा त्याचा नियम. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला त्याच्या बोटीचा कुणी दाढी वाढवून उभा राहिलेला त्याला खपत नसे. शिवा कुठला मिस्साला जायला? पण एका बोटीची सहा तोंडं, सहाही स्वच्छ, त्यात त्यालाही सूट नव्हती. वस्तरा एकच, तांडेलच्या वडिलांचा. आधी तांडेल, मग कॉन्रॅड, मग शिवा, मग बाकीचे. हलत्या बोटीत कुणाची हनुवटी कापायची, कुणाचा गाल. प्रत्येकानंतर वस्तरा समुद्रात बुडवला की काम झालं. खाऱ्या पाण्याने सगळं शुद्ध होतं, ही आमच्या किनाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्याच वर्षी मार्चमध्ये दोराने वॉल्टरची मांडी फाटली होती, मुंबईत त्याला रक्त चढवलं होतं आणि पावसाळ्यात त्याचेही डोळे थोडे दिवस पिवळे झाले होते. ते बरे झाले आणि सगळे विसरले.

मावशीने त्याच दिवशी कॉन्रॅड आणि शिवाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी नवीन निघालेली तपासणी केली आणि सांगितलं, ही रक्तातून पसरणारी कावीळ. खास औषध नाही, विश्रांती द्या आणि देवावर सोडा. कॉन्रॅडची शुद्ध त्या आठवड्यात दोनदा हरपली.

इस्पितळाची चिठ्ठी घेऊन मावशी किनाऱ्यावर गेली. मीही पोट सावरत तिच्या मागे. वॉल्टर जाळं शिवत होता.

"माझ्या बापाच्या वस्तऱ्याला नाव ठेवतेस?" तो उसळला. "दर खेपेला दर्यात धुतो! खारात काय जगतंय?"

"तुझी बायको सुरमईला मीठ कशाला लावते?" मावशी म्हणाली. "टिकावी म्हणून ना? मीठ टिकवतं, वॉल्टर. मारत न्हाय."

वॉल्टरच्या हातातली सुई थांबली. त्याने जाळं बाजूला सारलं. "म्हणजे माझ्यामुळं? दोन्ही पोरं माझ्यामुळं?"

मला वाटलं, आता मावशी त्याला सोलून काढणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण ती त्याच्याशेजारी वाळूत बसली आणि जे आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं ते बोलली. एकसष्ट साली ती दुसऱ्या गावी एका दवाखान्यात नवीन होती. बाहेर लांब रांग, सुई एक. स्पिरिटने पुसत पुसत तिने सगळ्यांना टोचलं. तीन महिन्यांनी त्यातली पाच माणसं पिवळी पडली. सुगंधा नावाची बाई गेली, दोन लेकरं मागे ठेवून.

"मला कुनी धरलं न्हाय," ती म्हणाली. "मलाच मागून एका डॉक्टरकडून कळलं. तेव्हापासून पातेल्यावर रोझरी म्हणते ती तिच्यासाठी. मला ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं. आता ठाऊक हाय ना? मग आता चुकायचं न्हाय."

पुढच्या शनिवारी वॉल्टरची बोट दाढी वाढलेल्या माणसांना घेऊन आली आणि रविवारी सगळे तसेच मिस्साला उभे राहिले. बायका पदराआड हसत होत्या. महिन्याभरात बोटीवर प्रत्येकाचा वस्तरा वेगळा झाला, मुठीला ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा. बापाचा वस्तरा तांडेलने एकट्यासाठी ठेवला.

किनाऱ्यावरचं सगळं मी सासूबाईंना सांगितलं. माझं गाठोडं मावशीने स्वतः सोडलं. "कुठं जायचं न्हाय. तो आला की त्याच्या ताटात जेव, गळ्यात पड, शेजारी बस. उष्ट्यातनं, शिंकेतनं, घामातनं ही जात न्हाय. त्याला कापलं-खुपलं तर उघड्या हातानं रक्त पुसू नको, जखम बांध. त्याचा वस्तरा त्याचा." मग आवाज खाली आणून सरकारी निरोधचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "आणि रक्त साफ झालं असं डॉक्टर सांगेपर्यंत हे. फादरला काय सांगायचं ते मी सांगते." माझे कान तापले. पण ती थट्टा करत नव्हती. आईच्या रक्तात हा आजार असला तर जन्मताना बाळालाही होतो, हे तिनेच मला सांगितलं आणि माझं रक्तही तपासायला पाठवलं. ते स्वच्छ निघालं तेव्हा माझ्याआधी तीच रडली.

पाच आठवड्यांनी कॉन्रॅड परत आला, निम्मा होऊन, पण चालत. शिवाही वाचला. तरी सासूबाईंची भीती जाईना. खुंटीवरचं ताट खुंटीवरच राहिलं. मी आणि कॉन्रॅड त्यात एकत्र जेवायचो, त्या तोंड फिरवायच्या.

मार्चमध्ये भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. मावशीने कात्री, दोरा पातेल्यात टाकले आणि जपमाळ घेतली. मी ओरडत होते, "मावशी, पुरे ती रोझरी!" ती एक 'नमो मरिया' गाळायला तयार नव्हती. उकळलेली कात्री ठेवायला तिने भांडं मागितलं, तशा सासूबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि खुंटीवरचं निळ्या काठाचं ताट सुंभ तोडून घेऊन आल्या. "हे टाक पातेल्यात," म्हणाल्या. "घरात ह्याच्याएवढं मोठं दुसरं न्हाय."

घरात चार पराती होत्या.

मुलगी झाली. तिन्हीसांजेच्या आधी सासूबाईंनी पेज केली आणि ताट धुऊन पुढे ओढलं. मावशीने त्यांचा हात धरला. "थांब. नाळेचं रक्त लागलंय. आधी उकळायचं."

सासूबाईंनी मुकाट्याने स्टोव्ह पेटवला. पाण्याला उकळी फुटल्यावर मावशीच्या हातातली जपमाळ काढून घेतली. "तू दमलीस. ही मी म्हणते, तुझ्या सुगंधासाठी."

कॉन्रॅडच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी तो रोझरीभर थांबला. मग सासूबाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि मायलेक त्या एकाच ताटात जेवले.